चारशे बारा क्लिक

(दुपार. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. वहिनीच्या खांद्यावर पाच महिन्यांची मुलगी झोपलेली.)

नणंद : चारशे बारा जणींनी तुझ्या जाहिरातीवर क्लिक केलंय, वहिनी. आणि पुस्तकं किती गेली?

वहिनी : एकही नाही. हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय हिचा.

नणंद : असं कसं होईल? आमच्या ऑफिसातून चपलांची जाहिरात टाकली, तरी शंभरात दोघं-तिघं घेतातच.

वहिनी : चपला लागतात माणसाला.

नणंद : झालं तुझं सुरू.

वहिनी : मग काय करू? प्रकाशकांनी स्पष्ट सांगितलंय, आज संध्याकाळपर्यंत तीस प्रती गेल्या तरच दुसरं पुस्तक काढू. उद्या बैठक आहे त्यांची. तोवर माझ्या हस्तलिखितावर चहाचा कप ठेवत असतील.

नणंद : हे ‘पुस्तक घ्या’चं बटण तू स्वतः दाबून पाहिलंस का?

वहिनी : नाही. एका हाताने सगळं भरलं, दुसऱ्या हातात ही. भरून झालं तेव्हा वाटलं, सुटले एकदाची.

नणंद : थांब, मी दाबते... वहिनी.

वहिनी : काय?

नणंद : हे लसीकरणाचं वेळापत्रक उघडलंय.

वहिनी : काहीतरीच काय.

नणंद : दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. बघ की.

वहिनी : अगं, ते तुझ्या दादाला पाठवायला कॉपी केलं होतं मी. मग दुकानाची लिंक कॉपी करायला गेले आणि ही रडायला लागली. तिला निजवून परत आले तेव्हा वाटलं, केली होती.

नणंद : म्हणजे चार दिवस चारशे बायकांना तू डोसच पाजतेयस.

वहिनी : हसवू नकोस गं. हसायचंही त्राण नाही माझ्यात.

नणंद : लिंक बदलली. पण जाहिरात पुन्हा तपासणीला जाणार. सुरू व्हायला उद्या उजाडेल.

वहिनी : मग बंदच कर ते. संपलं.

नणंद : पण कॉमेंटमध्ये कुणीच कसं बोललं नाही?

वहिनी : मी उघडल्याच नाहीत कॉमेंट.

नणंद : चार दिवस?

वहिनी : वाटलं, लिहिलं असेल कुणीतरी, अंगावरचं मूल सोडून हिला पुस्तकं सुचतायत. ते ऐकवायला घरात आहे की एक माणूस.

नणंद : आईचं मी बघते. इथे सत्तेचाळीस कॉमेंट आहेत. वाचू?

वहिनी : वाईट असतील त्या सोड.

नणंद : ‘लिंक चुकली आहे का?’ ‘पुस्तक कुठे मिळेल?’ ‘लसीची आठवण करून दिलीत, बरं झालं, पण पुस्तक?’ ‘मलाही सांगा.’ अगं, सगळ्या पुस्तकच मागतायत.

वहिनी : दाखव. सरक जरा.

नणंद : आधी मुलगी इकडे दे. दोन्ही हात मोकळे कर आणि एकेकीला लिंक पाठव.

वहिनी : उठेल ती.

नणंद : उठू दे. आत्या काय फक्त झबली आणण्यापुरती असते? दे.

वहिनी : मान धर... हं. पण सत्तेचाळीसमधल्या तीस जणी आजच्या आज घेतील?

नणंद : ते मला काय माहीत. तू पाठव.

वहिनी : पाठवतेय.

नणंद : किती झाल्या?

वहिनी : एकोणीस. तिघींनी घेतलंसुद्धा.

नणंद : मग थांबलीस कशाला?

वहिनी : ही एक विचारतेय, ‘बाळ लहान आहे. मला वाचायला जमेल का?’

नणंद : लिंक टाक आणि पुढे हो. पाच वाजत आले.

वहिनी : हिला नुसती लिंक कशी टाकू?

नणंद : मग काय लिहितेयस?

वहिनी : ‘प्रकरणं छोटी आहेत. बाळाच्या एका झोपेत एक होतं. माझं पुढचं पुस्तकही तसंच लिहून झालंय.’