मोजलेली लेकरं

(असोदा, १९७५ चा हिवाळा. पुष्पाबाईंचं अंगण. सोबत त्यांची सून लता आणि दवाखान्यातल्या नर्स प्रमिलाबाई.)

प्रमिलाबाई : अहो अक्का, तीन लेकरं अंगणात धुडगूस घालतायत, आणि तुम्ही मला सांगितलंत, सुनेला मूलबाळ नाही म्हणून!

पुष्पाबाई : हयू आवाजात बोल व बाई! मंग काय खोटं सांगलं? देवी येऊन गेल्याबिगर पोर आपलं म्हनू नही. अंगावर फोड उठले, त्यातून वाचलं, का मंग मोजाचं. आमची रीतच तशी.

प्रमिलाबाई : तुमची रीत झाली, पण डॉक्टरांनी काल हिला परत पाठवलं ना! म्हणाले, बिनलेकराच्या बाईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून जोडे खाऊ का? आता घरातल्या मोठ्या माणसानं तोंडानं सांगितल्याशिवाय ते हात लावायचे नाहीत.

लता : आत्याबाई, सांगा ना. मांगच्या बायंतपनात मी मरता मरता वाचली. पुढचं नही झेपाचं.

पुष्पाबाई : तुहा नवरा काय म्हने, माहा कौतिक?

लता : ते म्हनता, माय म्हनीन तसं.

पुष्पाबाई : मले पाच होते व बाई. शिरगनतीवाला आला, म्हने लेकरं किती? मी भोयीभाबडी, फुगून सांगलं, पाच! त्याच चैतात देवी आली. एकटा कौतिक ठेवला. तव्हापासून माह्या तोंडातून आकडा निंघत नही.

प्रमिलाबाई : मोजल्यानं नाही गेली हो ती, अक्का. टोचलेलं नव्हतं. आता तर देवीच गेली. देवीचा रोगी दाखवा, बक्षीस न्या, असं चावडीवर रंगवलंय. मिळालं का कोणाला?

पुष्पाबाई : देवी येतच नही, तं मंग पोरं मोजाचे कव्हा?

प्रमिलाबाई : जन्मली की लगेच! म्हणून तर घोर लागलाय. पूर्वी अर्धी हाती लागायची, आता बहुतेक जगतात. आज देशात साठ कोटी माणसं. तुमचा नातू बाप होईल तोवर शंभर कोटी होतील. जमीन काय वीतभर वाढणार आहे?

पुष्पाबाई : हाय हाय! अख्ख्या देशाले असं उघडं मोजता? नजर लागीन व!

लता : देशाचं राहू द्या, आत्याबाई. माह्यं पाहा. दवाखान्याची जीप उभी आहे. मले भेव वाटते. चौथं राह्यलं अन् मी गेली, तं हे लेकरं कोनाच्या कुशीत झोपतीन?

पुष्पाबाई : अन् या लेकरायलेच काही झालं तं? तुही कूस बंद, घर रिकामं. कोन हमी घेते? तू घेते का व, नर्सबाई?

प्रमिलाबाई : नाही, अक्का. हमी नाही देता येत. खोटं कशाला बोलू?

पुष्पाबाई : खरं बोलली, बरं केलं. जवळ ये. कानात सांगते.

प्रमिलाबाई : सांगा.

पुष्पाबाई : तीन.

प्रमिलाबाई : तीन. झालं तर! चल लता, बस जीपमध्ये.

पुष्पाबाई : थांब व. लतालेबी धर लेकरायत. चार.