न लागलेलं दही

शेळगावच्या एसटी थांब्यावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं डेअरीनं परत केलेला दुधाचा कॅन मधे ठेवून बसलं होतं.

“अगं, भरला कॅन माघारी दिला. म्हणं, दुधात औषध हाय.”

“हायच की. गाईची कास सुजली तवा डॉक्टरनं सडात औषध सोडलं.”

“ते काय दुधात उतरतंय?”

“डॉक्टर काय म्हणला हुता?”

“काही दिस दूध डेअरीला घालू नगा म्हणला. मग काय गटारात वतायचं?”

“डेअरीवाल्याला कळलं कसं?”

“कालच्या दुधात त्यानं विरजण घालून बघितलं. दही लागंना. औषधानं विरजण मरतंय म्हणं.”

“आपल्या घरात बी लागत नव्हतं.”

“आता ते कशाला काढती?”

“सुनंच्या हाताला गुण न्हाय म्हणलात. चार माणसांत म्हणलात. पोरीला जळोचीला माहेरी धाडलीत.”

“मला काय ठावं?”

“डॉक्टरचं बोलणं ठावं हुतं. घरात कुणाला सांगितलं?”

“गप बस. लोकं ऐकत्यात.”

“तवा बी ऐकत हुती. उठा, बारामतीची गाडी आली.”

“आपल्याला घरी जायचंय.”

“आधी जळोची. कॅन घ्या. विहीणबाईंच्या पुढ्यात बसून ह्या दुधाला तुमच्या हातानं विरजण लावा.”