जीपमांगं पळालेली पोट्टी

मी मौद्याची जी. बाप कास्तकार, नदीच्या काठानं धानाचं वावर, घरी आम्ही पोट्ट्याच पोट्ट्या, त्यात मी मधली, म्हणजे ना लाडाची ना कामाची. सातवीपर्यंत शिकली ते बी मास्तर बापाच्या मांगं लागले म्हणून, अन् पंधरावं लागत नाई तं लगन लावून देलं नागपुरात. आता तुम्ही तोंडाले हात लावून राहिले, पण तेव्हा कोणाले काई वाटे नाई, मले सोडवायले कोणी जीप घेऊन आलं नाई. जीपचं काहून काढलं ते पुढं सांगते, आधी चहा घ्या, थंडा होऊन राहिला.

मालक मिलमध्ये होते, छातीच्या दुखण्यानं गेले, पदरात एक पोरगी. मंग एका शेजारणीच्या ओळखीनं मी संस्थेत लागली. संस्था म्हणजे टाकलेल्या, मार खाल्लेल्या, कोणी नसलेल्या लेकरांची. बालगृह हुडकेश्वराले अन् साहेब लोक बसत धरमपेठेत. हुडकेश्वरात तेव्हा वस्ती कुठची, चारीकडं वावरं, अन् हिवाळ्यात असा वारा सुटे का लेकरं एकाले एक चिपकून झोपत. पहिले मी लेकरांचे डोके धुवे, उवा काढे, मंग साहेब म्हणे बाई तुम्हाले खेड्यातल्या बायांशी बोलता येते, तुम्ही गावागावात फिरा. तशी मी फिरू लागली, रामटेकच्या पुढं, देवलापारच्या पुढं, जंगलातले गोंडांचे टोले, एका टोल्यावर चार-सहा घरं अन् मंग पुन्हा जंगल. कुठं लेकरू कामाले जुंपलं का, कोणी शहरात भांडे घासायले नेऊन ठेवलं का, ते पाहा अन् सोडवा, असं काम. खोटं नाई सांगत, चांगलं काम केलं म्या. धरमपेठेतल्याच एका बंगल्यातून एक पोट्टी काढून आणली, तिच्या हातावर चिमट्याचे डाग होते, ते बंगलेवाली मले म्हणे तुम्ही घरात आल्याच कशा, म्या म्हटलं पायानं आली. ते पोट्टी आज नर्स आहे. तिची याद आली का बरं वाटते, पण तिची याद येतच नाई जास्त. मंगलूची येते.

काय सांगू तुम्हाले. आणीबाणीचे दिवस होते, वरतून हुकूम आला का वेठबिगार शोधा, मोकळे करा, अन् साहेब म्हणे लेकरं बी वेठीले असतीन, तुम्ही शोधा. मी निघाली. देवलापारच्या पलीकडं एका टोल्यावर बिरजू मडावीचं घर, तिथं चौदा-पंधराचा पोरगा वखर धरून, तोच मंगलू. म्या इचारलं कोणाचा गा तू, म्हणे पलीकडच्या गावचा. मजुरी काय भेटते, म्हणे काई नाई. कवापासून आहेस, म्हणे तीन पावसाळे झाले. झोपतं कुठं, तं ढोरांच्या कोठ्यात. जेवतं कुठं, तं बाहेरच्या सपरीत, एकटा. बिरजूची एक पोरगी होती, त्याच्याच बरोबरीची, सुकवारो नाव, ते भाकर ठेवे अन् तोंड फिरवून आत जाय, त्याच्याकडं पाहे बी नाई. म्या म्हटलं पाहा, कुत्र्यावाणी ठेवलं लेकराले. हे सारं माह्या डोळ्यांनी पाह्यलेलं, त्यातला एक शब्द खोटा नाई जी, हेच तं.

दुसऱ्या खेपेले जीप अन् एक शिपाई घेऊन गेली. बिरजू हात जोडून काई सांगून राहिला, अर्धं गोंडीत अर्धं हिंदीत, शिपायानं त्याले गप बसवलं, अन् म्या बी म्हटलं गप बसा, तीन सालं लेकराले फुकट राबवलं अन् वर बोलता. पोराले जीपमध्ये बसवलं. रडला नाई तो, निस्ता मांगची दांडी धरून घराकडं पाहत बसला. निघालो अन् ड्रायव्हर म्हणे बाई, कोणी पोट्टी पळून राहिली मांगून, तिच्या हातात घोंगडं आहे, थांबवू का. म्या वळून पाह्यलं, सुकवारोच होती, सारी धुळीत, घोंगडं छातीशी धरून, पायात काई नाई. मले वाटलं बापानंच पाठवली असन तमाशा करायले. म्या म्हटलं चाल.

चाल म्हटलं म्या. एवढाच शब्द.

बालगृहात मंगलू बोले नाई. जेवण अर्धं टाके, पलंगावर झोपे नाई, खाली फरशीवर झोपे. म्या म्हटलं भेदरलं लेकरू, होईन हळूहळू. हिवाळा सरला, ऊन तापायले लागलं, तसा एक दिवस मी कपडे वाळू घालून राहिली होती तं जवळ येऊन उभा राहिला, म्हणे बाई, मोहफुलं पडायले लागले का. म्या म्हटलं काहून रे, मोह खायाचा आहे का. म्हणे नाई, मोहफुलं वेचून झाले का लगन आहे. कोणाचं रे. म्हणे माह्यं. मी हासली जी, खरंच हासली. मंग तो म्हणे, बाई, मी चाकर नाई, मी जावई आहो त्या घरचा.

माह्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. त्यानं तुटकं तुटकं सांगतलं. त्यांच्यात रीत आहे, पोराच्या बापाजवळ पोरीवाल्याले द्यायले काई नसन तं पोरगा तिच्या घरी येऊन तीन सालं राबते, लमसेना म्हणतेत त्याले, अन् मंग त्याच मांडवात लगन. तोवर पोरगी अन् तो एका छपराखाली झोपत नाई, चारचौघांत एकमेकांकडं पाहत नाई. म्हणजे मी ज्याले छळ समजली ते सारी लाज होती. अन् बिरजू हात जोडून हेच सांगून राहिला होता.

आता खरं सांगू का, गलती इथवर नाई. इथवर म्या जाणलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मले ठाऊक होतं ना. मी धरमपेठेत साहेबाकडं गेली, म्हटलं असं असं आहे, पोराले परत नेऊन देते. साहेब म्हणे बाई, कागद वर गेले, सोडवलेल्या लेकरांचा सत्कार आहे, मंत्री येऊन राहिले, सध्या काई बोलू नोका. अन् तुम्हाले तं आम्ही परमनंट करून राहिलो. मी गप बसली. घरी पोरगी होती, भाड्याची खोली होती, मी गप बसली. एस.टी.त बसवून देलं असतं त्याले तं काय झालं असतं, नोकरी गेली असती, दुसरी भेटली असती. पण मी बसवून देलं नाई. मोहफुलं पडली, वेचून बी झाली असतीन, सत्कार आज होते उद्या होते. एक डाव मंगलू पळाला, पोलिसानं कन्हानच्या पुलावर धरला, अन् चौकीत मलेच बोलावलं. म्याच म्हटलं हो जी, आमचाच आहे. त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई.

पावसाच्या तोंडी बिरजू आला. फाटकापाशी उकिडवा बसला, आत येई नाई. म्हणे बाई, लमसेना साल पुरं न करता घर सोडन तं सोयरीक तुटते, आमच्या पंचानं मोहफुलांपर्यंत वाट पाह्यली, आता पोरीले दुसऱ्याच्या घरी देली. पळाला असता तं मी धरून आणला असता, पण तुम्ही नेला, तुमच्यापुढं काय. मंग इचारे, पोरगा बरा आहे ना. म्या म्हटलं बरा आहे, भेटता का. म्हणे नाई, कोणत्या तोंडानं भेटू. पाहा, लपवायचं तोंड त्याचं नव्हतं जी, माह्यं होतं. साहेबाले सांगतलं तं साहेब म्हणे चला, बालविवाह तं टळला. पोराचा टळला, पोट्टीचा कुठं टळला, तिले तं दुप्पट वयाच्या माणसाले देली. मी परमनंट झाली.

मंगलू सुतारकाम शिकला. आता लाकडं चिरायच्या आरामशीनवर आहे, लगन केलं, बायको चांगली आहे, लेकरं आहेत. दर दिवाळीले येते, पाया पडते, मले माय म्हणते. माय म्हटलं का मी उठून चहा ठेवते. गावाचं कधी काढत नाई. मी बी काढत नाई. एक डाव म्या म्हटलं मंगलू, चुकली रे मी, तं तो म्हणे जाऊ द्या माय, पाटाचा पाय हालते का तुमच्या, ठोकून देतो. अन् ठोकत बसला.

मांगच्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या टोल्यावर गेली, लेकरांच्या लशीचं काम होतं. सुकवारो तिथंच होती, नवरा वारला म्हणून माहेरी आलेली, कडेवर लेकरू. बिरजू बी राहिला नव्हता. मले तिनं ओळखलं. पाणी देलं, बसायले बाज टाकली. मी आपली लशीचं बोलत राहिली, तोंड थांबवायची भीती वाटे मले. तिनं काई इचारलं नाई, नाव बी काढलं नाई. निघाली तं रस्त्यापर्यंत आली संगं, जिथं ड्रायव्हरनं थांबवू का म्हटलं होतं तिथपर्यंत. तिथं उभी राहून म्हणे, बाई, नागपुरात थंडी लय पडते का वं.

मले तिनं छातीशी धरलेलं ते घोंगडं दिसलं जी, अन् त्या पोराची फरशी, अन् हुडकेश्वरचा तो वारा. म्या म्हटलं नाई वं माय, तिथं काई थंडी नसते.

ते म्हणे, बरं. अन् लेकराले दुसऱ्या कडेवर घेऊन गेली.

हे म्या मंगलूले सांगतलं नाई. सांगून तरी काय, त्याचा संसार आहे, तिचे लेकरं आहेत. दोघं बी सुखानं राहो, जिथं असतीन तिथं. दिवाळी जवळ आली, तो येईन आता पाया पडायले.