काउंट व्होर्गाच्या मुलीला मागणी

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, डेल्बर्ट, तू फार लाजतोस, माणसानं तोंड उघडून विचारावं. अहो, विचारलं ना! आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, रविवारी दुपारी, भरल्या टेबलावर, मुलीच्या बापाला सरळ विचारलं, की मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय, तुमची परवानगी आहे का. आणि तो माणूस काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "तू? टायरवाली किडा? मी तुझी कान तोडणार, त्याची सूप पिणार." आणि तुम्हाला सांगतो, त्याच दमात त्यानं कोंबडीची सगळ्यात मोठी तंगडी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. आता हे खरं की टीव्हीवरचं? मला कोण सांगणार?

तुम्ही आमच्या टेनेसीकडचे दिसत नाही. असता, तर काउंट व्होर्गाचं नाव काढल्याबरोबर उठून गेला असतात, नाहीतर थुंकला तरी असतात. आमच्याकडे शनिवारी सकाळी टीव्हीवर कुस्ती असते. शनिवारी सकाळी कुणी लग्न ठेवत नाही, मयतसुद्धा दुपारवर ढकलतात. आठवडाभर हवामान सांगणारे टॉलिव्हरसाहेब त्याच कोटात येऊन बसतात, त्यांच्या मागे पावसाचा नकाशा अर्धा पडद्याआड, अर्धा बाहेर, समोर रिंगण, आणि लाकडी बाकांवर आमच्या खोऱ्यातली माणसं, निम्म्या म्हाताऱ्या, आणि त्या म्हाताऱ्यांना घाबरून पैलवान मधल्या वाटेनं पळत जातात. का घाबरून? अहो, त्यांच्या पर्सा बघितल्यात का तुम्ही? इस्त्री मावते आत.

आमचा माणूस म्हणजे कर्टिस बेल. पिवळे केस, स्वच्छ दात, जिंकला की आधी आईला नमस्कार सांगणार. आणि त्याच्या जिवावर उठलेला हा काउंट व्होर्गा. काळी दाढी, काळा झगा, कुठल्याशा बर्फाच्या देशातून आलेला. कुठला देश ते कुणाला ठाऊक नाही, टॉलिव्हरसाहेबांनी नकाशावर कधी दाखवला नाही. माइक हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "तुमची गाव घाण, तुमची बायका बिनदाताचा, तुमची मक्याची पाव मी माझ्या डुकराला नाही देणार." आणि मग चड्डीतून लोखंडाचा तुकडा काढायचा आणि हाणायचा कर्टिसच्या कपाळात! अख्खं खोरं बघतंय, टॉलिव्हरसाहेब बघतायत, कॅमेरा बघतोय, आणि पंच? पंच कर्टिसच्या बुटाची नाडी बघतोय. दर शनिवारी. मी म्हणतो, नाडीत असं काय असतं बघण्यासारखं?

मी शाळा नववीतच सोडली. मला जगातलं फारसं कळत नाही. बँकेतला माणूस चांगला की वाईट, पाद्री खरं बोलतो की नाही, काही अंदाज येत नाही. पण शनिवारी सकाळी मला सगळं कळायचं. हा चांगला, तो वाईट. तेवढा एक तास माझी जीभ अडखळायची नाही. एरवी दुकानात गिऱ्हाईक आलं की मी टायरच्या मागे जाऊन उभा राहतो, पण टीव्हीपुढे मी असा ओरडायचो की शेजारचं कुत्रं घर सोडून जायचं. आणि आमची व्हर्ना मावशी. तिनंच मला वाढवलं. ती ओरडत वगैरे नाही. ती शांतपणे घरातली भाजीची सुरी पर्समध्ये टाकते, दर शनिवारी गाडीनं स्टुडिओत जाते, आणि आत जायच्या आधी मागच्या आवारात काउंटच्या गाडीचे टायर कापून येते. हे सगळ्यांना माहीत आहे. पोलीस खात्यालाही. पोलीस तिच्याच शेजारी बसतो.

आता टायर कापल्यावर गाडी कुठं येणार? आमच्याच दुकानात. गावात दुसरं आहेच कुठं? आणि काउंट स्वतः थोडाच येणार? गाडी घेऊन यायची त्याची मुलगी. ज्युनेल.

पहिल्यांदा आली तेव्हा मी टायरमागे गेलो. दुसऱ्यांदा आली तेव्हाही. तिसऱ्यांदा ती स्वतःच टायरमागे आली आणि म्हणाली, "इथं काय आहे बघण्यासारखं?" तुम्हाला सांगतो, मी संपलो. तेव्हापासून मावशीनं टायर कापावा, मी तो बदलावा आणि तेवढ्या वेळात ज्युनेलनं माझ्याशी बोलावं, असं आमचं प्रेम चाललं. एखाद्या शनिवारी मावशीचा गुडघा दुखायचा आणि ती जायची नाही, तर माझा जीव खालीवर व्हायचा. मी स्वतः तिला मलम लावून गाडीत बसवलंय!

मग एक दिवस ज्युनेलनं मला ते सांगितलं. म्हणजे बघा, हे आपल्यातच राहू द्या. हात जोडतो. तर तिचा बाप बर्फाच्या देशातला नाही. हॉयट पेंडरग्रास नाव त्याचं, पलीकडच्याच खोऱ्यातला, आमच्यासारखाच मक्याच्या पावावर वाढलेला. पण त्यांच्या धंद्याचा नियम असा, की घरच्या माणसांशिवाय खरा आवाज कुणाला ऐकवायचा नाही. पाद्र्याला नाही, किराणावाल्याला नाही. त्याचं पित्ताशयातले खडे काढायचं ऑपरेशन झालं, तर शुद्धीवर येताना नर्सला म्हणाला, "माझी दगड परत दे, मी त्यानं कर्टिस मारणार." गुंगीत! आहे की नाही? पोटाचं दुखणं खरं, पण ओरडणं टीव्हीवरचं.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. दोन दिवस जेवलो नाही. पण प्रेमात माणूस एका वेळी एकच उपास करू शकतो, म्हणून मी लग्नाचं विचारायला गेलो. आणि तिथं अडकलो. कारण आता तुम्हीच बघा. तो खरं बोलणार फक्त घरच्यांशी. मी घरचा होणार कधी? तो खरं 'हो' म्हणाला तर. आणि मी घरचा नाही तोवर तो खरं बोलणारच नाही! हे कुणी सोडवावं? मी नववीत सोडलेली शाळा, मला साधी वजाबाकी सुटत नव्हती.

त्या जेवणाचं सांगतो. त्यानं प्रार्थनासुद्धा त्याच आवाजात म्हटली. देवाला म्हणाला, "तू ही बटाटा दिली, मी खूश, पण तू सावध राहा." ज्युनेलची आई, ओपलीनबाई, इतक्या शांत बाई, की "काउंट, बीन्स घेता का?" असं रोजच्यासारखं विचारत होत्या. आणि मी विचारलं, आणि तो ते कानाचं बोलला. आणि ती तंगडी. मी ज्युनेलकडे बघितलं, तर ती खाली मान घालून रस्सा ढवळतेय. बाहेर ओसरीवर आल्यावर मी तिला म्हटलं, "ज्युनेल, हा नकार खरा की टीव्हीवरचा?" तर तिचे डोळे भरले. म्हणाली, "डेल्बर्ट, मला नाही कळत रे. असल्या मोठ्या गोष्टीत डॅडी घरीसुद्धा त्याच आवाजात बोलतात, माझं बारसं ठरवतानासुद्धा आई त्यांना हेच विचारत होती म्हणे. पण डॅडी खरं 'हो' म्हणाल्याशिवाय मी नाही करणार लग्न. सगळ्या गावाला ते नको झालेत. मी पण त्यांना सोडून गेले असं नको."

झालं! आता मी काय करणार? माणसाला नकार पचतो. होकार पचतो. हे अधांतरी लटकणं कसं पचवायचं?

आणि पुढच्याच शनिवारी, मावशीचा गुडघा धरलेला, म्हणून घरी मी आणि मावशी टीव्हीपुढे, मावशीच्या मांडीवर शेंगांचा वाडगा, तर काउंट माइक घेऊन म्हणतो काय, "या गावात एक टायरवाली किडा आहे. तो माझी मुलगी मागतो. मी म्हणतो, किडा, पुढची शनिवार इथं ये, पहिली बाकावर बस, आणि बघ मी तुझी कर्टिसचं काय करतो. मग बोल तुला माझी घर पाहिजे का." टॉलिव्हरसाहेबांनी लगेच फर्निचरच्या दुकानाची जाहिरात लावली.

मावशीनं शेंग सोलायची थांबवली. गावात टायरवाला एकच. ती माझ्याकडे बघत राहिली, मी सोफ्यात जितकं जाता येतं तितकं आत गेलो. मग ती म्हणाली, "मुलगी कशी आहे?"

मी म्हटलं, "चांगली आहे, मावशी."

"मुलीचा काय दोष," ती म्हणाली. "पण टायर मी सोडणार नाही हं त्याचे. ते वेगळं."

तो आठवडा कसा गेला विचारू नका. दुकानात माणसं यायची, टायर चांगला असतानाही यायची, आणि नुसती उभी राहून मला बघायची. एकानं तर मला गाडीखालून पाय धरून ओढलं, म्हणाला, देशद्रोह्या, त्याच्या घरचे बटाटे कसे लागले? पाद्र्यानं माझ्यासाठी प्रार्थना ठेवली. आणि मी रात्रंदिवस एकच ठरवत होतो, की शनिवारी जायचं, पहिल्या बाकावर बसायचं, आणि तोंडाला कुलूप. एक शब्द नाही. होणाऱ्या सासऱ्याविरुद्ध ओरडायचं नाही, बस्स. मी लाजरा माणूस, गप्प बसणं ही माझी एकुलती एक कला, तेवढी तरी कामाला येईल.

गेलो. बसलो. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला पोलीस. पलीकडे कोपऱ्यात ज्युनेल, डोक्याला रुमाल बांधून. कुस्ती सुरू झाली. कर्टिस चांगला चालला होता हो, काउंटला दोनदा दोरांवर फेकलं, पण मी गप्प. ओठ दातांत धरून गप्प. आणि मग कर्टिस पडला, पंच नाडी बघायला वाकला, आणि काउंटनं चड्डीत हात घातला. आणि तिथून त्यानं माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे! तुकडा वर धरला, चांगला उजेडात धरला, आणि थांबला.

मला सगळं माहीत होतं. तो हॉयट पेंडरग्रास आहे, तो तुकडा बहुतेक ओपलीनबाईंनीच पिशवीत ठेवलाय, सगळं माहीत होतं. आणि तरी, तुम्हाला सांगतो, मी बाकावर उभा राहिलो आणि ओरडलो. "पंच! अहो मागे बघा! त्याच्या हातात आहे! आता तरी बघा, आयुष्यात एकदा तरी बघा!" माझा आवाज फुटला, डोळ्यांतून पाणी, मी रिंगणाच्या कडेपर्यंत गेलो, जमिनीवर हात आपटले, आणि माझ्यामागे सगळे बाक उभे राहिले, म्हाताऱ्या पर्सा फिरवत पुढे आल्या, टॉलिव्हरसाहेब टेबलावर चढले, आणि पंच वळला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा वळला! तुकडा दिसला, काउंट बाद, कर्टिस जिंकला, मला लोकांनी खांद्यावर घेतलं. आणि त्या खांद्यावरून मी बघितलं, तर कोपऱ्यात ज्युनेल नव्हती.

मग काय, गेलो मागच्या आवारात. तिथं ती गाडीला टेकून उभी, तोंड फिरवून. टायर अर्थातच कापलेला. मी खाली बसलो, जॅक लावला, चाक काढायला लागलो, कारण दुसरं मला येतं काय? सगळं संपलं होतं. होकार गेला, मुलगी गेली, निदान टायर तरी नीट बसवावा.

नवं चाक चढवून नट लावत होतो, तेवढ्यात मागचं दार उघडलं. झगा हातावर टाकून काउंट बाहेर आला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कुंपणापलीकडे बघितलं. माझ्या शेजारी उकिडवा बसला, गुडघे करकरले, आणि मावशीच्या तोंडची आमची साधी बोली असते ना, अगदी तसल्या आवाजात, हळूच म्हणाला,

"पोरा, तो नट तिरका बसतोय."

मी हलेना. म्हटलं, आता मला भास होतायत.

"पंचवीस वर्षं करतोय मी हे," तो म्हणाला. "इतकं जिवापासून माझ्या नावानं कुणी ओरडलं नव्हतं. ओपलीन म्हणते लग्न वसंतात करू. तुला चालेल?"

मी रडलो हो. नट हातात धरून रडलो.

तर झालं लग्न. शनिवार सोडून ठेवलं. मावशी आली, छान टोपी घालून, पर्स घेऊन, आणि चर्चमधून बाहेर आलो तर नवरानवरीच्या गाडीचा टायर सपाट, कारण गाडी सासऱ्यांची होती. मीच बदलला, लग्नाच्या कोटात. ज्युनेल पुन्हा शेजारी येऊन उभी राहिली, त्यामुळे तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. आता मी घरचा. आता दर शनिवारी मला पहिल्या बाकावर बसावं लागतं, माझ्यामुळे बाक पेटतात म्हणे. आणि दर रविवारी जेवताना सासरे, खऱ्या आवाजात, बटाटे वाढता वाढता सांगतात, काल तुझ्या ओरडण्यात जीव नव्हता रे, तब्येत बरी आहे ना? गेल्या शनिवारी त्यांनी कर्टिसला इतकं मारलं, इतकं मारलं, की मी खरंच रडलो. म्हणजे मला वाटतं खरंच. आता माझं मलाच कळेनासं झालंय, की हे खरं की टीव्हीवरचं. रविवारी मी विचार केला, निदान त्यांना तरी विचारावं, आता तर ते माझ्याशी खरं बोलतात. विचारलं. त्यांनी घास गिळला, शांतपणे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"रडलास ते फार चांगलं केलंस. फक्त जरा डावीकडे बसून रड. कॅमेरा तिकडे असतो."

तर पुढच्या शनिवारी मी डावीकडे आहे.