मुठीतला केस

दुखरा गाल धरून शिवणवाल्या काकू दातांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. मागच्या बाकावर प्रयोगशाळेत काम करणारी एक बाई आपल्या धाकट्या भावाशी हळू आवाजात बोलत होती, पण काकूंना सगळं ऐकू येत होतं.

"तू दिलेला केस तपासला. माणसाचा नाही."

"माकडाचा असेल, ताई."

"त्याचाही नाही. दोन घराण्यांच्या जनुकांमधले फरक मोजायचे. फरक साधारण ठरावीक गतीने साचतात, त्यावरून त्यांची ताटातूट कधी झाली ते कळतं."

"मग ह्याची कधी झाली?"

"आपल्यापासून सहा लाख वर्षांपूर्वी."

"बाप रे. केस इतका जुना?"

"घराणं जुनं. केस ताजा आहे, मुळाशी ओल होती."

"गणित चुकलं असेल तुझं."

"तीनदा केलं. खरं सांग, कुठे मिळाला?"

"बायकोला सांगू नकोस. गेल्या आठवड्यात एका सकाळी बाळाच्या मुठीत होता."

"आत्ता बाळाजवळ कोण आहे?"

"बायको स्वयंपाकात असेल. हल्ली ते उठलं तरी रडत नाही, ताई. कोपऱ्याकडे बघून हसत राहतं."

"ऊठ. घरी चल."

दोघं धावतच बाहेर पडली. तेवढ्यात काकूंचा नंबर पुकारला. त्या उठल्या, आणि दात तसाच ठणकत ठेवून घराकडे निघाल्या. तिथे त्यांची तान्ही नात झोपली होती.