तिसऱ्या ओळीतला चिखल

(फोनवरचं बोलणं. नवरा दूरच्या शहरात, यंत्रांच्या कारखान्यात. बायको भाताच्या बांधावर. सासू जवळच कुठेतरी.)

बायको : नाहीच चालत हे तुमचं यंत्र. तिसऱ्या ओळीत गेलं की चिखल धरतं आणि रुसून बसतं जागच्या जागी.

नवरा : अगं, मागच्या वेळी डावीकडे ओढतं म्हणालीस. म्हणून पुढची पाटी रुंद करून पाठवली.

बायको : डावीकडे ओढायचं थांबलं. आता रुसतं.

नवरा : चिखल अडकतो कुठे? दात्यांमध्ये की पाटीखाली?

बायको : सगळीकडेच.

नवरा : सगळीकडे म्हणजे? मी इथे कागदावर काय काढू, ‘सगळीकडे’?

बायको : माझ्यावर कशाला ओरडता? तण काढायचं यंत्र तुमचं, चिखल देवाचा. मी आपली मधल्या मध्ये.

नवरा : ओरडत नाहीये, इथे लेथचा आवाज आहे. जेवलीस का?

बायको : आत्ता आठवलं विचारायचं!

नवरा : हे बघ, आज मालकांना उत्तर द्यायचंय. चालतं म्हटलं, तर पुढच्या लावणीच्या आत पन्नास यंत्रं काढू म्हणतात. नाही म्हटलं, तर साचे भंगारात.

बायको : आणि तुम्ही?

नवरा : मी काय, येईन घरी. या यंत्रापायीच तर ठेवून घेतलंय मला इथे.

बायको : मग या की. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुम्हाला तरी काय कळणार?

नवरा : असं तोंड पाडून येऊ? तीन वर्षं डोकं घातलंय मी त्यात.

सासू : कोण गं, तो आहे? इकडे दे.

बायको : आई, थांबा ना, आमचं यंत्राचं चाललंय.

सासू : मला यंत्राचंच सांगायचंय. अरे, ऐकू येतंय का? ते तुझं यंत्र पलीकडच्या काकू घेऊन गेल्यात. त्याआधी त्यांच्या सुनेनं नेलं होतं. आता मावशीनं नंबर लावलाय. अजून एक पाठव बाबा, नाहीतर दारात भांडणं व्हायची.

नवरा : आई, म्हणजे ते चालतं?

सासू : न चालायला काय झालंय त्याला? काल हिनं अख्खं खाचर निंदलं आणि कंबर न धरता स्वयंपाकाला उभी राहिली. मी तर सांगत सुटलेय सगळ्यांना, माझ्या लेकानं केलंय म्हणून. ही बोलली नाही तुला? काय गं, डोळे का वटारतेस?

नवरा : तिला दे फोन.

सासू : देते. मी काही वावगं बोलले का? घे बाई. मी कोंबड्यांकडे बघते.

नवरा : हं.

बायको : काय हं?

नवरा : तिसऱ्या ओळीतला चिखल.

बायको : ऐकलंत ना सगळं.

नवरा : अगं, तीनदा पाटी बदलली मी. जेवायच्या सुट्टीत कानशीनं घासत बसायचो. आपल्या हाताला गुणच नाही, असं वाटायला लागलं होतं मला.

बायको : असं म्हणू नका. पहिल्या दिवसापासून चालतंय ते. बदक पाण्यात जावं तसं जातं.

नवरा : मग हे कशासाठी?

बायको : जाताना तुम्हीच म्हणालात, बिघडलं तर मी स्वतः येऊन बघेन. मी वाट बघत बसले. ते मेलं बिघडेचना! मग म्हटलं, आपणच बिघडवावं, तोंडानं. तर तुम्ही नव्या पाट्यांची खोकीच पाठवत राहिलात.

नवरा : मला नुसतं सांगायचंस ना.

बायको : काय सांगू? आठवण येते म्हटलं की तुम्ही म्हणता, मलाही येते. आणि मग जेवलीस का विचारता. चिखल अडकतो म्हटलं की तासभर बोलता.

नवरा : यंत्राचंच बोलता येतं गं मला.

बायको : रागावलात?

नवरा : नाही. मालक हाक मारतायत. काय सांगू त्यांना?

बायको : खरं ते सांगा. आज सकाळी काकू यंत्र ढकलत टोकाला गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या, शेताकडे बघत. इतकी वर्षं निंदणीत त्यांची वाकलेली पाठच दिसायची मला. ते मी माझ्यासाठी कसं अडवू?

नवरा : मग मी अजून वर्षभर तरी इथेच गं.

बायको : कळतंय मला. म्हणून तर मन घट्ट करून बोलतेय.

नवरा : हँडलची उंची तीच ठेवू ना? तू माझ्या खांद्याशी येतेस, त्यावरून धरली होती.

बायको : अगदी बरोबर आलीय. पण एक खोट आहे. ही खरीखुरी.

नवरा : आता कुठली?

बायको : तुमच्या उंचीला ते बुटकं पडतं. तुम्हाला वाकावं लागेल.

नवरा : मी कुठे चालवणार ते, इथे बसून?

बायको : तरी त्या पन्नासांतलं एक उंच करा. पाठवू नका मात्र.

नवरा : मग काय करू त्याचं?

बायको : घेऊन या.