चांदणीनं कुणाचं घोडं मारलं होतं?

अहो, पुसल्या! सरळ पुसल्या हो! एक नाही, दोन नाही, चारशे चांदण्या! सकाळी फोन उघडला आणि तोंडाचा जो आ झाला, तुम्हाला सांगतो, दुपारपर्यंत मिटला नाही. त्या गरीब चांदणीनं कुणाचं घोडं मारलं होतं?

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा बरळतो. मी रस्त्यावरच्या दिव्यांचा मिस्त्री, छत्तीस वर्षं शिडी खांद्यावर. अक्षरांशी माझं लहानपणीच वाजलंय, सही तेवढी येते, तीही साहेब घाईत असला तरच चालते. तर नातीनं फोनवर एक नकाशा दाखवला. सगळ्यांचा नकाशा म्हणे, मालक कुणी नाही, जो येईल त्यानं आपल्याला ठाऊक असलेल्या जागेवर नावाची चिठ्ठी लावायची, बाकीच्यांनी बघायची. मी म्हटलं, पोरी, लिहू कशानं, नाकानं? तर म्हणते, "आजोबा, चिन्हं आहेत की!" झालं! माकडाच्या हाती कोलीत! पाठ टेकायचा बाक दिसला की चांदणी. पिण्याच्या पाण्याचा नळ, तिथं जाळी. चावरं कुत्रं असलं की उभी काठी नि तिच्याखाली टिंब... का ते काय विचारता, कुत्रं खांबाशी कशाला जातं?

आता मी जन्माचा खोडकर. साहेबाच्या सायकलीची हवा सोडलीय, बायकोच्या चष्म्याला साबण फासलाय, पण या नकाशावर एक चिन्ह खोटं लावलं असेल तर जीभ झडो. का? तर शिंप्यासाठी! शिंपी म्हणजे माझा दोस्त, शाळेत अक्षरांत माझ्याही मागे असायचा, म्हणजे विचार करा! त्याची बायको हाड मोडून दवाखान्यात, हा रोज अकराला डबा घेऊन चालत निघतो, गाडीत बसलं की याला उलटी, आणि गुडघे असे की शंभर पावलांवर टेकला नाही तर तिथंच आडवा. मग फोन बघायचा, चांदणी शोधायची, बसायचं, कण्हायचं, उठायचं, पुढची चांदणी. बरोब्बर अकरा चांदण्यांवर दवाखाना!

आणि त्या दिवशी काय? सगळीकडं आडवी रेघ! बाकावर रेघ, नळावर रेघ, कुत्र्यावर रेघ! नवा नियम निघाला म्हणे, चिठ्ठीच्या नावात अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालणार, बाकी चिन्हं बंद, जिथं चिन्ह तिथं यंत्रानं आपली रेघ ओढली. सांगा मला, चांदणीनं कुणाचं घोडं मारलं होतं?

शिंपी बिचारा रेघेच्या भरवशावर बसायला गेला, आणि बाकाच्या जागी काय निघालं? बरोबर! कुत्र्यानं विजार सोडली, डबा धरला. हा रिकामा डबा घेऊन दवाखान्यात. वहिनी पलंगावरून म्हणतात कशा, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या हातानं कुणाला जेवायला घातलंत, तेही कुत्र्याला!"

त्या हसल्या हो, पण दुसऱ्या दिवशी हा दाराबाहेर पडेना. "दिवेवाल्या, नाही जमायचं रे आता. तिला सांग, वाट बघू नकोस." डोळ्यांत पाणी! शिंप्याच्या! बोटात सुई गेली तरी खिदळणारा माणूस!

माझं टाळकं सरकलं. नातीला म्हटलं, लाव फोन त्या नियमवाल्याला! मी शिव्यांची गोणी सोडूनच बसलेलो, आणि पलीकडून आवाज कसा, बाळाला थोपटतात तसा: "नमस्कार आजोबा. यंत्राच्या भाषेत चांदणी म्हणजे 'सगळं'. कुणीतरी तुमच्या जुन्या चांदण्या काढायला गेलं, यंत्राला वाटलं सगळंच काढायचंय. तीन गावांचे दवाखाने पुसले गेले, आजोबा."

"तीन गावांचे?"

"आणि एक धरण."

धरण! आयुष्यभर खोड्या काढल्या, कुणाची कोंबडी मेली नाही, आणि एकदा, एकदाच इमानानं काम केलं तर धरण गायब? "कुणी वाहून-बिहून गेलं का हो?" मी आपलं दबकत. "नाही नाही, धरण जागेवर आहे, फक्त नकाशातून गेलं. नकाशात परत भरायला नऊ दिवस लागले." अहो, घोडं कसलं, चांदणीनं अख्खा तबेलाच मारला होता की!

"मग आमच्या शिंप्यानं काय करायचं?"

"सोपं आहे. अक्षरांत 'बाक' लिहा!"

लिहिलं! नातीनं अकरा ठिकाणी लिहिलं! वाचणार कोण? शिंपी? तो ते वाचेपर्यंत वहिनी बऱ्या होऊन चालत घरी येतील!

म्हणून आता मीच रोज निघतो त्याच्या पुढं. बाकावर बसतो, हात हलवतो, तो मला बघत येतो, टेकतो, मला चार शिव्या घालतो, की मी उठून पुढच्या बाकावर. डबा गरम पोचतोय, वहिनी जेवतायत, चांगलंय. पण आज नातीनं काय करावं? दवाखान्याजवळच्या या शेवटच्या बाकावर नवी चिठ्ठी लावली, "म्हातारा_बसलाय". अक्षरं, आडवी रेघ, एकदम नियमात! नियमवाल्यानं दोन मिनिटांत मंजूर केली आणि वर मला बजावलं, "नोंद खरी राहिली पाहिजे हं, आजोबा!"

आता बोला! चहा प्यायला घरी जायचंय हो मला... पण उठलो की नोंद खोटी. बसलोय आपला.